अंगणात आलेली शाळा

गोंदिया जिल्ह्यातील देवरी, सालेकसा या आदिवासी तालुक्यांच्या टोल्याटोल्यांत ‘अंगणवाडी’ हा शब्द घरोघरी परिचित आहे. त्यामागे ताराबाई मोडक यांची चिकाटी उभी आहे. मूल शिकत नसेल, तर त्याला दोष देण्याआधी शिक्षकाने त्याची अडचण शोधावी, हे सूत्र त्यांनी आयुष्यभर जपले.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजाच्या संस्कारांतील केळकर कुटुंबात झाला. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर काही वर्षे त्यांचे वास्तव्य अमरावतीत होते. पुढे राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणाच्या प्रयोगात सामील झाल्या. मुलाला शिकवण्याआधी त्याचे निरीक्षण करावे, ही माँटेसरी पद्धतीची शिस्त त्यांनी तेथे आत्मसात केली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, तर १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभा राहिला.

या शिस्तीची खरी कसोटी खेड्यात लागली. १९४५ मध्ये ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी येथे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात नेली. महागड्या साधनांची जागा शंख-शिंपले, बिया, खडे आणि पाने यांनी घेतली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांच्या गैरहजेरीची कारणे त्यांनी एकेक करून शोधली. धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीसाठी शाळेला जोडून पाळणाघर निघाले, तर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले. तीच ‘कुरणशाळा’.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण किताब लाभला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली.

पाटी-पुस्तकाआधी मुलाचे घर वाचावे, हा ताराबाईंचा धडा मात्र योजनेच्या कागदांत मावणारा नाही. घरी गोंडी बोलणारे मूल मराठी वर्गात गप्प बसले, तर ते मंद ठरत नाही. त्याला पहिला पूल भाषेचा हवा असतो. रोवणीच्या दिवसांत भावंडासाठी घरी थांबलेली मुलगीही अभ्यासाला कंटाळलेली नसते. हा फरक ओळखण्यापासूनच शिक्षकाचे काम सुरू होते.