रोकेया सखावत हुसेन : दैव, संकल्प आणि एक विज्ञानस्वप्न

भारतीय साहित्यातील विज्ञानाश्रित अद्भुतकथेचा पूर्वेतिहास शोधू जाता रोकेया सखावत हुसेन (१८८०–१९३२) यांच्या ‘सुलतानाज ड्रीम’ या छोट्या इंग्रजी कथेपाशी थांबावेच लागते. १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझीन’मध्ये ती प्रथम प्रसिद्ध झाली आणि १९०८ मध्ये कलकत्त्याहून पुस्तकरूपाने निघाली. कर्तीच्या चरित्रापासून तोडून वाचली असता ही कथा म्हणजे स्त्रीपुरुषांच्या स्थानांची एक चतुर अदलाबदल, एवढाच ग्रह होण्याचा संभव आहे. चरित्राच्या संदर्भात मात्र तिच्या मुळाशी असलेला प्रश्न स्पष्ट होतो. मनुष्य ज्याला आपले दैव म्हणतो ते खरोखर विधिलिखित असते, की दीर्घकाळ अंगवळणी पडलेल्या व्यवस्थेलाच तो ते नाव देतो? रोकेयांचे सारे आयुष्य या प्रश्नाच्या उत्तरासाठी खर्ची पडले.

रोकेयांचा जन्म रंगपूर जिल्ह्यातील पायराबंद या गावी एका जमीनदार घराण्यात झाला. वडील झहीरुद्दीन साबेर अनेक भाषांचे जाणकार होते आणि मुलांना त्यांनी कलकत्त्यास सेंट झेवियर्समध्ये शिकावयास धाडले होते. मुलींच्या वाट्याला कुराणाचे अर्थावाचून पठण आणि थोडीशी उर्दू एवढेच आले. पडदा इतका कडक की पाचव्या वर्षापासून बाहेरून आलेल्या स्त्रियांच्याही दृष्टीस पडावयाचे नाही. पाहुण्या बायका घरात असेतोवर माळ्यावर उपाशीतापाशी दडून बसण्याचे प्रसंग त्या बालिकेवर आले. या व्यवस्थेत पहिली फट पाडली ती घरच्याच दोघांनी. थोरले बंधू इब्राहिम साबेर यांनी रात्री, घर निजल्यावर, दिव्याच्या उजेडात बहिणीला इंग्रजी शिकविले. थोरली बहीण करीमुन्निसा हिने बांगला भाषेची गोडी लावली. करीमुन्निसाचे स्वतःचे शिक्षण मात्र चोरून बांगला वाचताना सापडल्यामुळे खुंटले आणि कोवळ्या वयात तिचे लग्न झाले. एकाच घरातील दोन बहिणींच्या आयुष्यांतील हे अंतर ललाटरेषेने पडले नव्हते. एकीला हात देणारे कोणी भेटले, दुसरीचे पुस्तक काढून घेण्यात आले. रोकेयांच्या पुढील सर्व विचाराचे बीज या अनुभवात आहे.

वयाच्या अठराव्या वर्षाच्या आसपास त्यांचा विवाह भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सय्यद सखावत हुसेन यांच्याशी झाला. ते विधुर होते, वयाने पुष्कळच मोठे होते, आणि त्यांच्या घरची भाषा उर्दू होती. विवाहाने वाट्यास आलेले हे घर रोकेयांच्या लेखनास पोषक ठरले, कारण पतीने त्यांच्या इंग्रजी लेखनाला मनापासून उत्तेजन दिले. याच काळात त्यांचे बांगला निबंधही प्रसिद्ध होऊ लागले आणि १९०४ मध्ये ‘मतिचूर’ हा संग्रह निघाला. स्त्रियांच्या अवनतीची चर्चा करताना अलंकार हे दास्याचे चिन्ह होय, असे त्यांनी प्रतिपादिले आणि धर्मग्रंथांच्या नावाने चालणाऱ्या पुरुषी अधिकारावर बोट ठेवले. यावर एवढा क्षोभ उसळला की पुस्तकात घेताना त्या निबंधातील काही परिच्छेद गाळावे लागले. पुरुषांच्या दोषांइतकीच कठोर चर्चा त्यांनी स्त्रियांच्या मानसिक दास्याचीही केली, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

पती दौऱ्यावर असताना वेळ घालविण्यासाठी म्हणून लिहिलेली ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा त्या निबंधांचेच कल्पनारूप होय. हिंदी स्त्रीच्या स्थितीचा विचार करीत आरामखुर्चीत बसलेल्या सुलतानेला झोप लागते आणि भगिनी सारा तिला स्त्रीराज्यात नेते. तेथे रस्त्यावर एकही पुरुष नाही. पुरुष ‘मर्दान्या’त राहतात, स्वयंपाक करतात, मुले सांभाळतात. या राज्याची घडण कोणत्याही चमत्काराने झालेली नाही. राणीने सर्व स्त्रियांना शिक्षण सक्तीचे केले आणि एकवीस वर्षांखालील मुलीच्या विवाहास बंदी घातली. पुढे स्त्रियांसाठी दोन विद्यापीठे निघाली. एका विद्यापीठाने आकाशातील जलभांडारातून हवे तेवढे पाणी खेचून घेण्याची युक्ती शोधली, दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठविण्याची. पुरुष त्या वेळी सैन्यबळ वाढविण्यात गुंतले होते आणि या शोधांची टवाळी करीत होते. पुढे युद्ध आले, सैन्य हरले, शत्रू राजधानीजवळ ठेपला. तेव्हा दुसऱ्या विद्यापीठाच्या प्राचार्येने पुरुषांना जनान्यात जाण्याची विनंती केली आणि दोन हजार विद्यार्थिनींसह रणांगणावर जाऊन एकवटलेल्या सूर्यकिरणांच्या प्रखर झोताने शत्रूला पळवून लावले.

येथपर्यंतचा कथाभाग विज्ञानाच्या विजयाचा आहे. परंतु तिचा मर्मभेद पुढील तपशिलात साठला आहे. जनान्यात गेलेल्या पुरुषांपैकी मोठ्या हुद्द्यावरच्या अधिकाऱ्यांनी पूर्वीच्या जागा परत मिळाव्यात म्हणून राणीकडे अर्ज केले. गरज पडल्यास बोलावू, असे उत्तर मिळाले. हळूहळू त्यांना चार भिंतींची सवय झाली आणि कुरकुर थांबली. सवय होणे आणि कुरकुर थांबणे या दोन क्रियांतच दैव नावाची वस्तू कशी तयार होते, ते रोकेयांनी दाखविले आहे. बंदिवास हा स्त्रीच्या प्रकृतीतच असता, तर तो पुरुषाच्या अंगवळणी पडला नसता. सारा ही सुलतानेला हेही ऐकविते की, स्वतःविषयीचे कर्तव्य विसरल्यामुळेच तुमच्या देशातील स्त्रियांनी आपले हक्क गमावले. अर्थात हे राज्य न्याय्य आहे काय, हा प्रश्न उरतोच, आणि कथा त्याचे समाधान करीत नाही. ती संपते सुलतानेच्या जागे होण्याने. विमानातून घसरून ती पुन्हा आपल्याच आरामखुर्चीत येऊन पडते.

त्या आरामखुर्चीतून उठण्याचा प्रसंग रोकेयांच्या आयुष्यात लवकरच आला. त्यांच्या दोन मुली तान्हेपणीच दगावल्या होत्या. मधुमेहाने दृष्टी गमावलेल्या पतीची शुश्रूषा त्यांनी अखेरपर्यंत केली आणि १९०९ च्या मे महिन्यात त्यांना वैधव्य आले. पतीने मुलींच्या शाळेसाठी दहा हजार रुपये राखून ठेवले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात पाच विद्यार्थिनींवर भागलपुरात शाळा सुरू झाली. कौटुंबिक कलहामुळे ते गाव सोडावे लागले, तेव्हा १६ मार्च १९११ रोजी कलकत्त्यात आठ मुलींसह सखावत मेमोरियल शाळा पुन्हा उघडली. ज्या स्त्रीने शाळेत कधी पाऊल टाकले नव्हते, तिने इतर कन्याशाळांत जाऊन अध्यापनाची रीत पाहिली आणि आपली संस्था उभारली. १९१६ मध्ये त्यांनी ‘अंजुमन-ए-खवातीन-ए-इस्लाम’ ही स्त्रियांची संघटना स्थापन केली.

स्त्रीराज्यातील उघड्या रस्त्यांचे स्वप्न पाहिलेल्या या लेखिकेला मुलींना शाळेत आणण्यासाठी बंद गाडी ठेवावी लागली. गाडी इतकी बंद की आतल्या मुली गुदमरून बेशुद्ध होत. झडपा काढून पडदे लावले, तर वाऱ्याने पडदे उडतात म्हणून धमकीची पत्रे आली. रोकेया स्वतःही पडदा पाळीत राहिल्या. ही तडजोड वरकरणी विसंगत वाटली तरी तिचे कारण उघड आहे. पालकांनी मुली काढून घेतल्या असत्या, तर शाळाच उरली नसती. संकल्प टिकविण्यासाठी आचारात माघार घेण्याचा हा निर्णय त्यांनी डोळसपणे घेतला. त्याचे शल्य आणि त्यातला कडवट विनोद ‘अवरोधबासिनी’तील (१९३१) सत्तेचाळीस प्रसंगांत उतरला आहे.

१९२४ मध्ये प्रसिद्ध झालेली व बंधू इब्राहिम यांना अर्पण केलेली ‘पद्मराग’ ही कादंबरी या चिंतनाचा पुढचा टप्पा होय. येथे सूर्यकिरणांची शस्त्रे नाहीत, विमाने नाहीत. तारिणी भवनात निरनिराळ्या धर्मांच्या, टाकलेल्या व पोळलेल्या स्त्रिया एकत्र राहून शिकवितात, शिवतात, रुग्णसेवा करतात. नायिका सिद्दीका हिला अखेरीस पती व संसार दोन्ही मिळण्याची संधी येते. तिचे प्रेमही त्याच्यावर जडलेले असते. तरीही, स्त्रीच्या जीवनाचे संसाराहून निराळे प्रयोजन असू शकते हे दाखविण्यासाठी, ती ती संधी नाकारते. स्वप्नकथेतील बाह्य विजय येथे अंतःकरणातील निर्णयात रूपांतरित झाला आहे. काशीबाई कानिटकरांच्या ‘पालखीचा गोंडा’ (१९२८) या कादंबरीतही संस्थानाचा कारभार स्त्रियांच्या हाती आल्याची कल्पना आहे. बांगला आणि मराठी या दोन भाषांत हा प्रश्न जवळपास एकाच वेळी कथारूप घेत होता, ही गोष्ट तौलनिक अभ्यासकाने नोंदविण्यासारखी आहे.

९ डिसेंबर १९३२ रोजी पहाटे रोकेयांचे निधन झाले. शाळेला तोवर हायस्कूलचे रूप आले होते. आदल्या रात्रीपर्यंत त्या स्त्रियांच्या अधिकारांवरील एका निबंधाचे लेखन करीत होत्या. तो अपुराच राहिला.