विश्लेषण : जपानी-अमेरिकनांना छावण्यांत धाडण्याची बाजू घेणारे अर्ल वॉरन शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य कसा ठरवू शकले?

अमेरिकेतील सरकारी शाळांमध्ये गोऱ्या आणि काळ्या मुलांना वेगवेगळे शिकवणे घटनाबाह्य आहे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी दिला. नऊच्या नऊ न्यायमूर्तींचे एकमत होते. तो निकाल लिहिणारे सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनीच त्याआधी बारा वर्षे, केवळ वंश पाहून हजारो कुटुंबांना घरांतून उठवण्याची जाहीर बाजू मांडली होती. हे दोन्ही एकाच माणसाच्या आयुष्यात कसे घडले?

अर्ल वॉरन कोण होते?

वॉरन यांचा जन्म १८९१ चा, लॉस एंजेलिसचा. वडील रेल्वेत कामगार. १८९४ च्या मोठ्या रेल्वे संपानंतर त्यांचे नाव कंपन्यांच्या काळ्या यादीत गेले, नोकरी गेली आणि कुटुंब पुढे बेकर्सफील्ड या गावी गेले. मुलगा सुट्टीत रेल्वेत काम करत, बर्कलीला कायदा शिकला आणि १९२५ पासून अलामेडा जिल्ह्याचा सरकारी वकील झाला. जुगार, दारू आणि लाचखोरीविरुद्ध खटले चालवणारा कडक वकील म्हणून त्यांचे नाव झाले. १९३८ मध्ये राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरल पदाची निवडणूक ते लढवत असतानाच बेकर्सफील्डच्या घरात वडिलांचा खून झाला. मारेकरी कधीच सापडला नाही.

१९४२ मध्ये नेमके काय झाले?

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि पश्चिम किनाऱ्यावर भीतीचे वातावरण पसरले. जपानी वंशाच्या शेतकऱ्यांवर तिथे आधीपासूनच राग होता. त्यांच्या जमिनी आणि बाजारातला त्यांचा जम अनेकांच्या डोळ्यांत खुपत होता. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९ फेब्रुवारी १९४२ रोजी लष्कराला हव्या त्या भागातून हव्या त्या लोकांना हलवण्याचा अधिकार देणारा आदेश काढला. दोनच दिवसांनी अ‍ॅटर्नी जनरल वॉरन संसदीय समितीपुढे नकाशे घेऊन उभे राहिले. जपानी लोकांच्या जमिनी विमानतळ, वीजवाहिन्या आणि लष्करी ठाण्यांलगत कशा आहेत, हे त्यांनी दाखवले. आतापर्यंत घातपाताचा एकही प्रकार घडलेला नाही, या वस्तुस्थितीचाही त्यांनी उलटा अर्थ लावला. ही शांतताच संशयास्पद आहे, असे त्यांचे म्हणणे होते. या तर्काला उत्तर नसते. गुन्हा केला तरी दोषी, न केला तरी दोषी!

पुढे सुमारे १ लाख २० हजार लोकांना काटेरी कुंपणाआडच्या छावण्यांत ठेवले गेले. त्यातले दोनतृतीयांश अमेरिकेतच जन्मलेले, म्हणजे अमेरिकेचेच नागरिक होते. छावण्या तयार होईपर्यंत काही कुटुंबांना घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानावरील तबेल्यांत राहावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वॉरन कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर निवडून आले. १९४३ मध्येही या लोकांना परत येऊ द्यायला त्यांचा विरोध होता. १९४४ च्या अखेरीस लष्कराने बंदी उठवली, तेव्हा मात्र त्यांनी परतणाऱ्यांना त्रास देऊ नका, असे आवाहन राज्यातील जनतेला केले.

मत कधी बदलले?

याचे सोपे उत्तर असे दिले जाते की, १९४२ मध्ये वॉरन मते मागणारे राजकारणी होते आणि नंतर तहहयात पदावर बसल्यावर त्यांना मतदारांची भीती उरली नाही. यात तथ्य आहे, पण ते पुरेसे नाही. कारण १९४७ मध्ये, गव्हर्नर असतानाच, त्यांनी एका महत्त्वाच्या विधेयकावर सही केली होती. कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाच्या काही पालकांनी मुलांना वेगळ्या शाळेत धाडण्याविरुद्ध खटला भरला आणि जिंकला. त्यानंतर राज्याने चिनी, जपानी आणि मूलनिवासी मुलांसाठी वेगळ्या शाळांना परवानगी देणारी कलमेच रद्द केली. ज्यांच्या आई-वडिलांना हलवण्यासाठी वॉरन नकाशे घेऊन गेले होते, त्यांची मुलेही या कलमांत मोडत होती.

लोकप्रियता त्यांना कमी नव्हती. १९४६ मध्ये रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक अशा दोन्ही पक्षांची उमेदवारी त्यांनी जिंकली. गव्हर्नरपदाच्या लागोपाठ तीन निवडणुका जिंकल्या. १९४८ मध्ये ते उपराष्ट्राध्यक्षपदासाठी लढले आणि हरले.

राजकारणी थेट सरन्यायाधीश कसा झाला?

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ न्यायमूर्तीच सरन्यायाधीश होतात. अमेरिकेत तसे बंधन नाही. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी न्यायालयातली पहिली रिकामी जागा आपल्याला देण्याचा शब्द दिला आहे, असे वॉरन मानत होते. सप्टेंबर १९५३ मध्ये सरन्यायाधीश फ्रेड व्हिन्सन यांचे अचानक निधन झाले आणि ऑक्टोबरमध्ये, एक दिवसही न्यायाधीश म्हणून काम न केलेले वॉरन त्या खुर्चीवर बसले.

समोर शाळांचा खटला पडून होता. वेगळी सोय केली तरी ती समान असली की पुरे, हे तत्त्व याच न्यायालयाने १८९६ मध्ये मान्य केले होते. ते मोडून काढावे की नाही, यावर व्हिन्सन यांच्या काळात न्यायमूर्तींत फूट होती. इथे वॉरन यांचे राजकारणातले कसब कामी आले. डिसेंबरच्या पहिल्या बैठकीत त्यांनी मतदानच घेतले नाही. एकदा मत नोंदवले की माणूस त्याला चिकटून बसतो, हे ते जाणून होते. काळा माणूस मुळात हीन आहे असे मानल्याशिवाय वेगळ्या शाळांचे समर्थन करता येत नाही, एवढेच त्यांनी सहकाऱ्यांसमोर ठेवले. मग महिनोन्महिने एकेकाशी बोलणे सुरू राहिले. केंटकीचे स्टॅन्ली रीड शेवटपर्यंत राजी नव्हते. त्यांच्यासोबत वॉरन वारंवार जेवायला बसत. रॉबर्ट जॅक्सन हृदयविकाराने रुग्णालयात होते; मसुदा घेऊन वॉरन तिथे गेले. निकालाच्या दिवशी जॅक्सन रुग्णालयातून न्यायालयात आले.

निकाल मुद्दाम छोटा ठेवला होता, वर्तमानपत्रात पूर्ण छापता यावा आणि सामान्य माणसाला वाचता यावा म्हणून. इमारती, पुस्तके, शिक्षकांचे पगार समान केले तरी, वेगळे बसवल्याने मुलाच्या मनात आपण कमी आहोत ही भावना घर करते, हा त्याचा गाभा होता.

मग शाळा एक झाल्या का?

लगेच नाही. एकमत टिकवण्याची किंमत मोजावी लागली. १९५५ च्या पुढच्या आदेशात न्यायालयाने कोणतीही मुदत दिली नाही आणि दक्षिणेतल्या राज्यांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. १९५७ मध्ये लिटल रॉकला नऊ काळ्या विद्यार्थ्यांना शाळेत पोचवायला लष्कर पाठवावे लागले. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड जिल्ह्याने तर १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे सरकारी शाळाच बंद ठेवल्या. निकालाला दहा वर्षे झाली तेव्हाही दक्षिणेत शंभरातली जेमतेम एक-दोन काळी मुले गोऱ्या मुलांसोबत शिकत होती.

वॉरन यांना पदावरून हटवा, असे फलक रस्तोरस्ती लागले. तरी न्यायालय थांबले नाही. गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील (१९६३), अटकेतल्या माणसाला गप्प राहण्याच्या हक्काची आधी माहिती (१९६६), आंतरवर्णीय विवाहावरील बंदी रद्द (१९६७) हे निकाल त्यांच्याच काळातले. यातला १९६६ चा मिरांडा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७८ च्या नंदिनी सत्पथी खटल्यात विचारात घेतला. केनेडी हत्येच्या चौकशी आयोगाचे अध्यक्षपद मात्र त्यांनी नाइलाजाने स्वीकारले आणि त्या अहवालावरील वाद त्यांना कायमचा चिकटला.

छावण्यांबद्दल ते काय म्हणाले?

जिवंतपणी जाहीर माफी त्यांनी मागितली नाही. १९६९ मध्ये ते निवृत्त झाले आणि ९ जुलै १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. आत्मचरित्र १९७७ मध्ये आले. १९४२ च्या भूमिकेचा खेद त्यात त्यांनी नोंदवला आहे आणि घर, मित्र, शाळा यांपासून तोडलेल्या लहान मुलांचा त्यात खास उल्लेख आहे. छावण्यांना लष्करी गरजेचा आधार नव्हता, असा निष्कर्ष सरकारी आयोगाने १९८३ मध्ये काढला. १९८८ च्या कायद्याने अमेरिकेने अधिकृत माफी मागितली आणि छावण्यांतून गेलेल्या, हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर देऊ केले.