विश्लेषण : शिवणकाम करणाऱ्या आईचा मुलगा लंडनचा चित्रकार कसा झाला? फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची ‘केमिकल’ चित्रे काय आहेत?

पालेगावात राहणाऱ्यांना सॉल्व्हंट म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. अंबरनाथच्या रासायनिक कारखान्यांत इथल्या अनेक घरांतले कुणी ना कुणी कामाला आहे. पलीकडे उल्हासनगरात कापड, जीन्स आणि घरोघरची शिवणयंत्रे. कापड आणि रसायन या दोन्ही गोष्टी ज्याच्या आयुष्यात होत्या असा एक मोठा चित्रकार गोव्यात जन्मला, मुंबईत घडला, लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये जगला आणि शेवटी मुंबईतच शिवडीच्या मातीत विसावला. फ्रान्सिस न्यूटन सूझा हे त्यांचे नाव.

सूझा कोण होते?

१२ एप्रिल १९२४ रोजी गोव्यातील साळगाव येथे त्यांचा जन्म झाला. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राजवट होती. वडील इंग्रजीचे शिक्षक. मूल काही महिन्यांचे असतानाच ते वारले आणि त्यापाठोपाठ थोरली बहीणही गेली. आई लिलिया मारिया अंतुनिश मुलाला घेऊन मुंबईत आल्या आणि शिवणकाम, भरतकाम करून घर चालवू लागल्या. मुलाला देवी आल्या, तेव्हा तो वाचला तर त्याचे नाव सेंट फ्रान्सिस झेवियरच्या नावावरून ठेवीन, असा नवस त्यांनी बोलला. मुलगा वाचला. ‘न्यूटन’च्या आधी ‘फ्रान्सिस’ लागले ते असे. चेहऱ्यावरचे देवीचे व्रण मात्र जन्मभर राहिले.

त्यांच्या चित्रांत कापड कुठे दिसते?

सूझा यांनी कापडाची नक्षी हा व्यवसाय कधी केला नाही. पण त्यांचे बालपण कापड, कात्री आणि भरतकामाच्या नमुन्यांच्या सोबतीने गेले. गोव्यात आजीकडे राहताना चर्चमधील पाद्र्यांचे जरीचे, कशिद्याचे झगे त्यांनी डोळे भरून पाहिले. पुढे त्यांनी रंगवलेले पोप, संत आणि पुढारी नीट पाहा. चेहरा ओरबाडल्यासारखा, डोळे कपाळाजवळ चढलेले, दात बाहेर आलेले. पण अंगरख्याच्या गळ्यावरची आणि बाह्यांवरची नक्षी मन लावून काढलेली. १९५५ च्या ‘मिस्टर सेबॅस्टियन’मध्ये तर बाणांनी विद्ध झालेल्या संताला चक्क कोट घातला आहे. माझ्या मते कपडा हा त्यांच्या चित्रांत सत्तेचा गणवेश होतो. माणूस आत कसाही असो, झगा भरजरी असतो. हे ज्याच्या आईने दुसऱ्यांचे कपडे शिवले त्याला लवकर कळले असावे.

मुंबई का सोडावी लागली?

सूझा यांना आधी सेंट झेवियर्स शाळेतून काढण्यात आले. कारण अश्लील चित्रे काढल्याचा ठपका. १९४० मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश मिळाला, तर १९४५ मध्ये तिथूनही काढले गेले. या वेळी कारण स्वातंत्र्य चळवळीतला सहभाग. त्याच सुमारास ते कम्युनिस्ट पक्षात गेले. या काळात गोव्यातले शेतकरी, मजूर आणि तिथला निसर्ग त्यांनी रंगवला, त्यातली अनेक चित्रे जलरंगातली होती. जलरंगाला कागद, पाणी आणि डिंकात मळलेला रंग पुरतो. कॅनव्हास आणि तैलरंग न परवडणाऱ्या तरुणासाठी ही साधी सोय होती. शिवाय मुंबईच्या कला शिक्षणात जलरंगाची परंपरा भक्कम होतीच.

१९४७ मध्ये त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. सोबत एस. एच. रझा, एम. एफ. हुसेन, के. एच. आरा, ह. अं. गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे. (गाडे विज्ञानाचे पदवीधर होते, हे अभियांत्रिकी करून बातम्या लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला वाचून बरे वाटले.) १९४९ मध्ये मुंबईतल्या एका प्रदर्शनातून सूझा यांची चित्रे अश्लीलतेच्या कारणावरून उतरवण्यात आली. त्यांनी स्वतःचेच नग्न चित्र काढले होते. पोलिसांनी त्यांच्या घराची झडतीही घेतली. त्याच वर्षी ते जहाजाने लंडनला निघाले.

लंडनमध्ये काय झाले?

पहिली पाच-सहा वर्षे हालाखीची गेली. युद्धानंतरच्या लंडनमध्ये रेशनिंग होते आणि भारतीय चित्रकाराला कुणी ओळखत नव्हते. सूझा वृत्तपत्रांसाठी लेखन करत, पत्नी मारिया यांचा मोठा आधार होता. व्ही. के. कृष्ण मेनन यांनी त्यांना काम मिळवून दिले. मग १९५५ उजाडले. कवी स्टीफन स्पेंडर यांच्या ‘एन्काउंटर’ मासिकात सूझा यांचा आत्मकथनपर लेख छापून आला आणि त्याच सुमारास व्हिक्टर मसग्रेव्ह यांच्या ‘गॅलरी वन’मधले त्यांचे प्रदर्शन गाजले. चित्रे विकली गेली. पुढच्या वर्षी अमेरिकी संग्राहक हॅरॉल्ड कोव्हनर भेटले आणि सुमारे चार वर्षे चित्रांच्या बदल्यात नियमित पैसे देत राहिले. १९५८ मध्ये गुगेनहाइम आंतरराष्ट्रीय पुरस्कारासाठी ब्रिटनच्या वतीने निवडलेल्या पाच चित्रकारांत सूझा होते. स्वतंत्र होऊन जेमतेम अकरा वर्षे झालेल्या देशाचा हा माणूस, त्यात गोवा अजून पोर्तुगीजांकडेच!

यशासोबत दारूही वाढली, संसार मोडला. १९६६ मध्ये त्यांनी काळ्यावर काळा रंग लावलेली चित्रे लंडनमध्ये मांडली. ती पाहायला प्रेक्षकाला बाजूला सरकावे लागते, प्रकाश तिरका पडला की आकृती दिसते. १९६७ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले.

‘केमिकल’ चित्रे म्हणजे काय?

न्यूयॉर्कमध्ये त्यांनी चकचकीत मासिकांची पाने घेऊन त्यांवर रासायनिक द्रावक लावायला सुरुवात केली. यामागचे विज्ञान सोपे आहे. अशा कागदावर गुळगुळीत थर असतो, त्यामुळे छपाईची शाई आत फारशी मुरत नाही, वरच बसते. द्रावकाने शाईतला बंधक सैल होतो आणि रंग पुसता, सरकवता, ओढता येतो. जाहिरातीतली मॉडेल अर्धी विरघळते आणि त्या जागी सूझा यांची आकृती उभी राहते. वर पेन, शाई, रंग. वर्तमानपत्राच्या साध्या कागदावर हे तितकेसे जमत नाही, कारण तिथे शाई तंतूंत शोषली जाते.

आज याला आपण मिश्र माध्यम म्हणतो. तेव्हा अनेकांना ही चित्रे म्हणजे चित्रकाराचा उतरता काळ वाटला. मला ते पटत नाही. अमेरिकेतल्या जाहिरातींचा ढीग हाच त्यांनी कच्चा माल केला; महागड्या कॅनव्हासची वाट पाहिली नाही. एवढे मात्र खरे की सगळीच पाने सारख्या ताकदीची नाहीत. त्यांनी प्रचंड काम केले आणि त्यात घाईचेही बरेच आहे.

मान्यता कधी मिळाली?

उशिरा. न्यूयॉर्कमधली तीन दशके लंडनसारखी गाजली नाहीत. रझा पॅरिसमध्ये आणि हुसेन भारतात मोठे होत गेले, आणि त्या दोघांना गटात आणणारे सूझा मागे पडले. २८ मार्च २००२ रोजी मुंबई भेटीवर असताना त्यांचे निधन झाले. शिवडीच्या दफनभूमीत त्यांना निरोप द्यायला मोजकीच माणसे होती. त्यानंतर सहा वर्षांनी, २००८ मध्ये, त्यांचे १९५५ चे ‘बर्थ’ हे चित्र लिलावात सुमारे २५ लाख डॉलरना गेले. २०१५ मध्ये तेच चित्र पुन्हा विकले गेले, ४० लाख डॉलरहून अधिक किमतीला.

चित्रे कुठे पाहता येतील?

लंडनच्या टेट संग्रहात त्यांचे १९५९ चे ‘क्रुसिफिक्शन’ आहे. आपल्याला जवळ म्हणजे मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जहांगीर निकोल्सन संग्रह. त्यात सूझा आहेत, मात्र मांडणी बदलत असते, म्हणून आधी चौकशी करून जावे. अंबरनाथहून लोकलने सीएसएमटी, तिथून चालत वीसेक मिनिटे.