सासवण्याचे शिल्पकार

आमच्या आरे कॉलनीतल्या पाड्यांवर लग्नाचा चौक लिहिणाऱ्या वारली बायका आहेत. कुणी त्यांना सोसायटीची, शाळेची भिंत रंगवाल का, असं विचारतं. पण कागदावर काय द्यायचं हे ठाऊक नसतं, आणि रंगाच्या पैशांतच मजुरी जिरून जाते. अशा वेळी मी त्यांना विनायकराव करमरकरांची गोष्ट सांगते.

नानासाहेब करमरकरांचा जन्म १८९१ सालचा, अलिबागजवळच्या सासवण्याचा. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र ऑटो रॉथफील्ड या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेत भरलं. त्यांच्या मदतीने हा खेड्यातला मुलगा मुंबईच्या जे. जे. कला शाळेत पोचला. त्याच्यासाठी पहिला अर्ज त्या भिंतीनेच केला म्हणा ना! पुढे कलकत्ता, मग लंडन.

पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९२१ साली या स्मारकाची पायाभरणी झाली. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले. राजाराम महाराजांच्या काळात हे काम करमरकरांनी तडीस नेलं. साडेतेरा फूट उंच, सुमारे आठ टन वजनाचा पुतळा तुकडे न जोडता मुंबईत माझगावला एकसंध ओतला गेला. १९२८ च्या जूनमध्ये पुण्यात अनावरण झालं.

आता बघा, एवढं धूड ओतायचं कुठे, उचलायचं कसं, पुण्याला न्यायचं कसं, हे आधी ठरवल्याशिवाय असं काम होतं का? नुसता हात चांगला असून भागत नाही.

आपली भिंत लहान, पण रीत तीच. आधी जागा बघून या, भिंत मोजा. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांना जवळचं वाटेल असं चित्र निवडा. त्याचा छोटा रंगीत नमुना मापात काढा. किती दिवस लागतील ते लिहा. रंग, परांची आणि मजुरी यांचे आकडे वेगवेगळे मांडा. बाहेरच्या भिंतीवर तांदळाचं पीठ टिकत नाही, म्हणून पावसात टिकणारा रंग धरा आणि काम पावसाळ्यानंतरचं घ्या. ओल आली तर दुरुस्ती कुणी करायची, आगाऊ रक्कम किती, हेही लिहून घ्या. आणि खाली आपलं नाव घालायला विसरू नका.

नानासाहेब १९६७ साली गेले. सासवण्याच्या त्यांच्या घरी त्यांची शिल्पं जपून ठेवली आहेत. अलिबागकडे गेलात तर मुलींना घेऊन जरूर जा. कला ही कष्टाची आणि हिशेबाचीही गोष्ट आहे, हे त्यांना लहानपणीच कळू द्या.