बर्था बेंझ: जगातल्या पहिल्या लाँग ड्राइव्हने शिकवलेला कारचा मेंटेनन्स



मागच्या पावसाळ्यात घाट उतरताना आमच्या गाडीच्या ब्रेकमधून कर्रर्र असा आवाज यायला लागला. खरं सांगायचं तर तो आवाज तीन आठवड्यांपासून येत होता आणि मी फक्त गाण्यांचा व्हॉल्यूम वाढवत होतो. शेवटी मेकॅनिककडे गेलो. चाक काढून त्याने दाखवलं, ब्रेक पॅड पूर्ण संपले होते आणि डिस्कला थेट लोखंड घासत होतं. फक्त पॅड बदलून भागलं असतं, तिथे डिस्कही बदलावी लागली. घाटात ब्रेक लागला, हे नशीब.

त्या रात्री ब्रेक पॅडबद्दल वाचताना मी पोहोचलो थेट १८८८ सालच्या जर्मनीत, बर्था बेंझ यांच्यापर्यंत. त्यांना आपण जगातल्या पहिल्या लाँग ड्राइव्हसाठी ओळखतो. मला मात्र त्या जगातल्या पहिल्या टेस्ट ड्रायव्हर आणि मेकॅनिक वाटतात.

कोण होत्या बर्था बेंझ?

त्यांचा जन्म ३ मे १८४९ चा, जर्मनीतल्या फोर्झहाइम गावचा. माहेर सधन होतं. कार्ल बेंझ या इंजिनिअरशी लग्न ठरलं, तेव्हा त्याचं वर्कशॉप अडचणीत होतं. बर्था यांनी हुंडा म्हणून ठेवलेले पैसे लग्नाआधीच मागून घेतले आणि त्या वर्कशॉपमध्ये घातले. १८७२ मध्ये लग्न झालं. पुढची अनेक वर्षं पैशांची ओढाताणच होती.

२९ जानेवारी १८८६ रोजी कार्ल यांनी आपल्या तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. एक सिलिंडर, एका हॉर्सपॉवरपेक्षाही कमी ताकद, वेग ताशी साधारण १६ किलोमीटर. गाडी तयार होती, पण घेणार कोण? घोड्याशिवाय चालणाऱ्या या यंत्रावर लोकांचा भरवसा नव्हता. कार्ल हुशार होते, पण गाडी लोकांसमोर मांडणं त्यांना जमत नव्हतं. गाडी विकली गेली नसती, तर बर्था यांचे पैसे आणि दोघांची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली असती.

१०० किलोमीटरची परीक्षा

ऑगस्ट १८८८. बर्था ३९ वर्षांच्या होत्या. पहाटे, नवऱ्याला न सांगता, त्यांनी ऑयगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना सोबत घेतलं आणि मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाल्या. अंतर १०० किलोमीटरच्या थोडं वर. त्याआधी मोटारगाड्या फक्त थोड्या अंतराच्या चाचण्यांसाठी बाहेर काढल्या जायच्या.

आता वाटेत काय काय बिघडलं ते बघा. यातली जवळपास प्रत्येक गोष्ट आजच्या सर्व्हिसच्या यादीत आहे.

इंधन: पेट्रोल पंप नावाची गोष्टच नव्हती. व्हीसलोख गावात त्यांनी औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं. हे कपड्यांचे डाग काढायला वापरायचं द्रव. पुढे इंधनाची नळी चोंदली, ती त्यांनी टोपीच्या पिनने मोकळी केली. आज हा कचरा अडवायचं काम फ्युएल फिल्टर करतो.

वायरिंग: इग्निशनच्या वायरचं आवरण खराब झालं, तेव्हा त्यांनी मोजे बांधायचा पट्टा इन्सुलेशन म्हणून वापरला. आपल्याकडे हेच काम उंदीर बिघडवतात! गाडी बरेच दिवस उभी असेल तर बॉनेट उघडून वायरी एकदा बघाच.

पाणी: इंजिन थंड ठेवणारं पाणी वाफ होऊन उडून जायचं, म्हणून जिथे मिळेल तिथे ते भरावं लागायचं. आज कूलंट बंद सिस्टिममध्ये फिरतं, पण लेव्हल बघावीच लागते. इंजिन थंड असतानाच बघा. गरम इंजिनवर झाकण उघडलं तर उकळतं कूलंट अंगावर उडतं.

चेन: ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या चेनच्या दुरुस्तीसाठी ब्रुखझालला लोहाराची मदत घ्यावी लागली.

ब्रेक: ब्रेकचे ठोकळे लाकडी होते. उतारावर ते झिजत गेले. बर्था यांनी एका चांभाराकडून त्यांवर चामडं बसवून घेतलं. ब्रेक लायनिंगची सुरुवात इथूनच झाली असं मानतात. माझ्या गाडीत जे संपलं होतं, ते याच चामड्याचं आजचं रूप.

चढावर तर मुलांना खाली उतरून गाडी ढकलावी लागली. तरीही संध्याकाळपर्यंत ते पोहोचले आणि बर्था यांनी कार्लना तार करून कळवलं.

खरी कमाल परत आल्यावर

काही दिवसांनी त्या त्याच गाडीने परत आल्या आणि वाटेतल्या अडचणी कार्लना सांगितल्या. त्यावरून चढासाठी आणखी एक गिअर आला, ब्रेक सुधारले. म्हणजे रस्त्यावर दुरुस्ती करून त्या थांबल्या नाहीत. तोच बिघाड पुढच्या माणसाच्या वाट्याला येऊ नये, याचीही सोय त्यांनी केली. प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स म्हणजे दुसरं काय?

कार्ल १९२९ मध्ये गेले. बर्था ५ मे १९४४ रोजी, ९५ वा वाढदिवस झाल्यावर दोनच दिवसांनी, लाडेनबुर्गला वारल्या.

आता तुमची यादी

- महिन्यातून एकदा: टायरमधली हवा, कूलंट आणि इंजिन ऑइल बघा. हवेचा आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकरवर असतो. ऑइल बघताना गाडी सपाट जागेवर उभी करा आणि इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा.
- मॅन्युअलप्रमाणे: ऑइल आणि फिल्टर बदला. बऱ्याच पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते, अशी मुदत असते.
- प्रत्येक सर्व्हिसला: ब्रेक पॅडची जाडी विचारा. साधारण ३ मिलिमीटर उरली की बदलायची वेळ झाली.
- साधारण २ वर्षांनी: ब्रेक फ्लुइड बदला. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि मग लांब घाटात तापल्यावर ब्रेक मऊ पडू शकतो.

बर्था यांच्याकडे टोपीची पिन होती, आपल्याकडे फोन आहे. पुढच्या सर्व्हिसची तारीख आत्ताच कॅलेंडरमध्ये टाका. आणि गाडीतून नवा आवाज आला, तर गाणी बंद करून तो नीट ऐका.