खाशाबा जाधव : मातीतून मॅटवर

ऑलिम्पिक जवळ आलं की शाळाशाळांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो. स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक पदक कोणी मिळवून दिलं? मुलं उत्तर पाठ करतात : खाशाबा जाधव, १९५२, हेलसिंकी. पण त्या एका ओळीच्या मागे बरंच काही आहे. ते मुलांना सांगायला हवं, आणि खरं तर आपण शिक्षकांनीही ऐकायला हवं.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. आपल्याकडून ते काही फार लांब नाही. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढायचा, पाटण मागे टाकलं की कराड. वडील स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे, अंगाने किरकोळ. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरीच, त्यामुळे अभ्यासासोबत तालीमही जोरात चालली.

१९४८ साली लंडन ऑलिम्पिकला जायची संधी आली. खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे गेल्यावर मात्र सगळंच नवं. आपल्याकडे कुस्ती लाल मातीत, आणि गडी चितपट होईपर्यंत चालायची. तिथे मऊ मॅट, ठरलेला वेळ आणि गुणांचा हिशेब. मातीत पाय जसा रोवता येतो तसा मॅटवर येत नाही. तरीही फ्लायवेट गटात त्यांचा सहावा क्रमांक आला! मॅटची सवय नसलेल्या मुलासाठी ही कामगिरी लहान नव्हती. तिथे अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांचं मार्गदर्शन मिळालं, आणि पुढची चार वर्षं खाशाबांनी जोरदार तयारी केली. आता वजन वाढवून ते बँटमवेट गटात उतरले.

पण हेलसिंकीच्या संघात नाव यायलाच झगडावं लागलं. मद्रासच्या निवड स्पर्धेत आपल्यावर अन्याय झाला असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. मग निरंजन दास यांच्याशी कुस्ती लावण्यात आली. ती खाशाबांनी मारली आणि जागा मिळवली.

आता प्रश्न पैशांचा. गावकऱ्यांनी, कराड-कोल्हापूरच्या लोकांनी जमेल तशी वर्गणी दिली, तरी पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. वर्गात हे सांगताना मी दर वेळी जरा थांबतो. एका विद्यार्थ्यासाठी घर गहाण! आपल्यापैकी किती जणांना हे जमलं असतं?

हेलसिंकीत कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना खाशाबांनी हरवलं. मग जपानच्या इशीशी लांबलेली, दमवणारी लढत झाली आणि ती गेली. हाच इशी पुढे सुवर्णपदक जिंकला. लगेच सोव्हिएत संघाच्या मम्मदबेयोवशी खेळायला बोलावणं आलं. दोन लढतींत अर्ध्या तासाची विश्रांती मिळायचा नियम होता, पण हरकत घ्यायला भारताचा एकही अधिकारी जवळ नव्हता. थकलेले खाशाबा हरले आणि कांस्यपदकावर थांबले. आपला एक माणूस तिथे उभा असता तर पदकाचा रंग बदलला असता का, असं मला राहून राहून वाटतं.

परत आल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सत्कार संपले आणि खाशाबा पुन्हा आखाड्यात उतरले : कोल्हापुरात कुस्त्या भरवल्या, त्यातून पैसे जमवले आणि खर्डेकर सरांचं घर सोडवलं.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले. बढती सावकाश मिळाली. सहायक पोलीस आयुक्त झाले तेव्हा निवृत्ती जवळ आली होती. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचं निधन झालं. हयातीत ना अर्जुन पुरस्कार मिळाला, ना पद्म. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर आला, आणि २०१० मध्ये दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला त्यांचं नाव मिळालं. त्यांच्यानंतर भारताला पुढचं वैयक्तिक पदक मिळालं ते थेट १९९६ मध्ये, लिअँडर पेसला.

गोळेश्वरच्या त्यांच्या घराचं नाव मात्र 'ऑलिम्पिक निवास'. मुलांची सहल कराडकडे नेणार असाल तर थोडी वाट वाकडी करून ते घर जरूर दाखवा.