महार वतनाचे बिल आणि कायदेमंडळातले बाबासाहेब

कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे 9 डिसेंबर 1950 रोजी बसवण्यात आले. भाई माधवराव बागल यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता आणि बाबासाहेब तेव्हा हयात होते. 14 एप्रिलला आणि 6 डिसेंबरला आपण तिथे जमतो. राज्यघटनेचे शिल्पकार आणि धम्म देणारे बोधिसत्व म्हणून त्यांना वंदन करतो. पण मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी केलेले काम आपल्या भाषणांत क्वचितच येते. त्या कामाचा एक धागा थेट कोल्हापुरात येऊन पोहोचतो, म्हणून आज त्याविषयी लिहीत आहोत.

21 आणि 22 मार्च 1920 रोजी माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते तरुण भीमराव आंबेडकर. राजर्षी शाहू महाराज स्वतः आले आणि हाच तुमचा पुढारी, असे त्यांनी समाजाला सांगितले. त्याआधीच 1918 मध्ये महाराजांनी आपल्या संस्थानात महार वतन बंद करून ती जमीन रयतावा पद्धतीने महारांच्या नावे केली होती. वेठबिगारीही त्यांनी बंद केली.

वतन म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. सरकारी टपाल पोहोचवणे, साहेबांच्या पुढे धावणे, चावडीवर राबणे, मेलेले ढोर ओढणे, ही कामे रात्री-अपरात्री करायची. घरचा कर्ता नसेल तर त्याच्या बापाने नाहीतर पोराने जायचे. बदल्यात पिढ्यान् पिढ्या वाटण्या होऊन उरलेला जमिनीचा तुकडा आणि गावाने दिले तर बलुते. वतनाचा मान नावाला, गुलामी मात्र खरी.

कोल्हापुरात हे जोखड राजाच्या हुकमाने उतरले. मुंबई इलाख्यात असा राजा नव्हता. तिथे कायदा बदलावा लागणार होता आणि त्यासाठी सभागृहात हात वर करणारी माणसे लागणार होती.

सरकारने बाबासाहेबांना मुंबई कायदे कौन्सिलवर नेमले. डॉ. पी. जी. सोळंकी हे त्यांचे दुसरे सहकारी. फेब्रुवारी 1927 मध्ये बाबासाहेबांनी शपथ घेतली आणि महिन्याभरात, 20 मार्चला, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. या दोन घटना वेगळ्या नाहीत. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव सी. के. बोले यांनी 1923 मध्ये याच कौन्सिलात मंजूर करून घेतला होता. ठराव कागदावर होता, तो पाण्यापर्यंत नेण्यासाठी माणसांना चालावे लागले. सभागृह आणि रस्ता, दोन्ही हातात हवेत, हा धडा बाबासाहेबांनी तिथेच गिरवला.

19 मार्च 1928 रोजी त्यांनी 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे बिल मांडले. ज्या महाराला वतनाच्या चाकरीतून सुटायचे आहे, त्याला जमीन राखून सुटता यावे आणि बलुत्याच्या जागी रोख मोबदला मिळावा, एवढीच मागणी. फुकट राबणारे हात जातील म्हणून सरकारला ते नको होते. गावगाडा मोडेल म्हणून जमीनदार सभासदांनाही नको होते. निवड समितीत बिलाचा जीवच काढला गेला, तेव्हा 1929 मध्ये बाबासाहेबांनी ते मागे घेतले. नेमलेले सभासद असूनही ते सरकारच्या मर्जीने बोलले नाहीत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच काळात गिरणीतल्या बाळंतिणींना पगारी रजा देणाऱ्या बिलाला त्यांनी पाठिंबा दिला. ते बिल मात्र 1929 मध्ये कायदा झाले.

1936 मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. 1937 च्या निवडणुकीत भायखळा-परळ मतदारसंघातून प्रसिद्ध क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांचा पराभव करून ते विधानसभेत गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी कोकणातली खोती नष्ट करण्याचे बिल आणले. त्याने फक्त महारांचा प्रश्न सुटणार नव्हता. त्यात कुणबी, आगरी, सगळी कुळे होती. जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून आले. तरी बिल मंजूर झाले नाही. कामगारांच्या संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या बिलाला सभागृहात विरोध करूनही ते पास झाले, तेव्हा 7 नोव्हेंबर 1938 रोजी बाबासाहेबांनी कम्युनिस्टांसोबत संप घडवला.

मतांचा हिशेब मांडला तर बाबासाहेब सभागृहात बहुतेक वेळा हरले. पण खोती नष्ट करणारा कायदा 1949 मध्ये आला. महार वतन संपवणारा कायदा 1958 मध्ये झाला. शाहू महाराजांच्या हुकमानंतर चाळीस वर्षांनी, बाबासाहेबांच्या बिलानंतर तीस वर्षांनी आणि त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर दोन वर्षांनी. ज्यांनी हात वर केला नव्हता, त्यांच्याच वारसांना तोच कायदा करावा लागला.

तोही पुरा नव्हता. वतनाच्या जमिनी कब्जेहक्काची रक्कम भरून नवीन शर्तीवर परत मिळाल्या. कलेक्टरच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. ही शर्त संरक्षणासाठी होती. पण अशा जमिनी कुणाच्या ताब्यात आहेत, हे आपल्यापैकी किती जणांनी तपासले आहे? आजोबांच्या नावाचा सातबारा आणि जुने फेरफार काढून पाहा, असे आमचे प्रत्येक वाचकाला सांगणे आहे.

दुसरे सांगणे आपण निवडून दिलेल्यांना आहे. बाबासाहेबांच्या बाजूला कौन्सिलात बोटांवर मोजण्याइतकी माणसे होती. तरी त्यांनी बिल मांडले, आकडे मांडले, हरले आणि पुन्हा उभे राहिले. आज राखीव जागांवरून जाणाऱ्यांना पक्षाचे, पदाचे, निधीचे बळ आहे. पाच वर्षांत एकदा तरी आपल्या माणसांच्या जमिनीविषयी सभागृहात प्रश्न विचारला का, एवढे आम्ही त्यांना पुढच्या 14 एप्रिलला बिंदू चौकातच विचारू.

जय भीम.